आपल्यात तसलं काही नसतं

नागपूरच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे, थोडक्यात असा: त्यांच्या समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याची तयारी चालू होती. नोंदणी अर्जात रक्तगटाच्या खाली सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचा रकाना ठेवावा, असं त्यांनी बैठकीत सुचवलं आणि मेडिकल कॉलेजमधून आणलेली माहिती टक्केवारीसकट मांडली. माहिती चुकीची आहे असं एकानेही म्हटलं नाही. फक्त दोन वाक्यं फिरत राहिली: ‘आपल्यात तसलं काही नसतं’ आणि ‘काहून समाजाचं नाव खराब करता, मॅडम?’ बैठकीत एक डॉक्टर होते, इंजिनियर होते, प्राध्यापक होते. सगळे गप्प. आता लोक त्यांच्याशी तुटक वागतात. त्या विचारतात, शिकलेली माणसं पुराव्याला उत्तर का देत नाहीत, पुढे काय करावं, आणि अशा मंडळात राहावं की नाही.

मॅडम, तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात. माहिती चुकीची आहे असं कोणीच म्हटलं नाही. त्या माणसांना माहितीवर खरोखर शंका असती तर ती बोलून दाखवली गेली असती. ही टक्केवारी गडचिरोलीची आहे, नागपूरची दाखवा, असं कोणी म्हटलं असतं. तपासणीचा खर्च कोण करणार, खोटा रिपोर्ट आला तर काय, असं कोणी विचारलं असतं. तसा वाद झाला असता तर तुम्ही आज इतक्या दुखावलेल्या नसता. वाद झालाच नाही, कारण तिथे सिकलसेलविषयी बोलणं चाललंच नव्हतं. ‘हा आजार आपल्यात आहे का’ या प्रश्नाचं उत्तर तुम्ही घेऊन गेला होतात आणि समोरची माणसं मनात विचारत होती, ‘ह्या आपल्या आहेत का?’

‘आपल्यात तसलं काही नसतं’ हे वाक्य ऐकायला रक्ताविषयीचं वाटतं, पण ते हजेरीचं वाक्य आहे. नाव पुकारल्यावर ‘उपस्थित’ म्हणायचं असतं. तिथे कोणी उभं राहून ‘उपस्थित म्हणजे नेमकं काय, पुरावा काय’ असं विचारू लागलं, तर वर्गाला त्याचा मुद्दा कळत नाही, त्याने हजेरी दिली नाही एवढंच कळतं. तुमचं तसं झालं.

मी गेली अनेक वर्षं नागपुरात आणि आसपासच्या जिल्ह्यांत सिकलसेलच्या कुटुंबांचं समुपदेशन करते. आजाराचं विज्ञान समजावणं हा या कामातला सोपा भाग आहे. सातवी शिकलेल्या आईला मी ते समजावलं आहे आणि तिने ते जावेला माझ्यापेक्षा चांगलं समजावलं आहे. अवघड भाग वेगळा आहे, आणि तुमचा प्रश्न नेमका त्या भागाचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी आजाराचं थोडक्यात, कारण वाचणाऱ्यांपैकी काहींना ते लागेल. आई आणि वडील दोघांकडून हिमोग्लोबिनचं सिकलचं जनुक आलं तर मूल रुग्ण होतं. आपल्याकडे त्याला एसएस पॅटर्न म्हणतात. एकाकडूनच आलं तर मूल वाहक, म्हणजे एएस पॅटर्न. वाहक माणूस साधारणपणे ठणठणीत असतो, त्याला आयुष्यभर पत्ताही लागत नाही. दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के, एएस होण्याची ५० टक्के. एक एएस आणि दुसरा पूर्ण सामान्य असेल तर सिकलसेलचा रुग्ण जन्माला येत नाही. म्हणजे वाहक मुलीला किंवा मुलाला नकार देण्याचं काहीही कारण नाही. दोघांचा पॅटर्न लग्नाआधी माहीत असावा, इतकंच मागणं आहे. सोल्युबिलिटी टेस्ट ही पहिली चाळणी. ती पॉझिटिव्ह आली तर एएस की एसएस हे तिच्यातून कळत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. सरकारी दवाखान्यात हे मोफत होतं.

आता ही साधी माहिती नाकारण्याची समजूत घडते कशी? तिची सुरुवात मूर्खपणातून झाली असं समजू नका. ती जखमेतून झाली आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी लिहिलं, तेव्हापासून या आजाराची नोंद जातींच्या आणि जमातींच्या नावांनी होत आली. वैद्यकशास्त्राला त्यात काही वावगं वाटलं नसेल. पण ज्या माणसांच्या आजा-पणजांना ‘तुमचं रक्तच हलकं’ असं ऐकवलं गेलं, त्यांच्या कानांवर ‘तुमच्या समाजात हे जनुक आहे’ हे वाक्य कसं पडलं असेल? खरं कारण जातीशी संबंधित नाहीच. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाचा जोर होता तिथे हे जनुक टिकलं, कारण वाहकाला मलेरियाच्या जीवघेण्या प्रकारापासून काही संरक्षण मिळतं. विदर्भात ते अनेक समाजांत आहे. पण हे समजावून सांगणारं कोणी घरी आलं नाही, नुसता शिक्का आला. त्या शिक्क्याला दिलेलं पहिलं उत्तर म्हणून ‘आपल्यात तसलं काही नसतं’ हे वाक्य जन्माला आलं, आणि मला ते उत्तर कळतं.

पुढे त्या वाक्याला दुसरं काम मिळालं. कुठल्या तरी घरात मुलीचा एएस रिपोर्ट निघाला, सोयरीक मोडली, धाकट्या बहिणीलाही स्थळं येईनात. आजूबाजूच्या वीस घरांनी ते पाहिलं. तेव्हापासून ते वाक्य म्हणणं सुरक्षित झालं, मग सोयीचं झालं, आणि शेवटी ते न म्हणणं संशयास्पद झालं. ‘तुमच्या घरी निघालं का काही?’ हा प्रश्न तुम्हालाही आला असेल. या शेवटच्या पायरीवर समजूत ही समजूत राहत नाही, ती परीक्षा होते.

आणि परीक्षेचा एक विचित्र नियम आहे. जी गोष्ट उघड खरी आहे ती म्हटल्याने कोणाची निष्ठा कळत नाही. सूर्य पूर्वेला उगवतो हे आपलेही म्हणतात आणि परकेही. ज्या वाक्याला पुरावा कमी आणि विरोधातला पुरावा जास्त, तेच वाक्य म्हणणारा माणूस आपल्यासाठी काही तरी पणाला लावतो आहे असं दिसतं. म्हणून परीक्षा झालेल्या समजुतीवर तुम्ही जितका भक्कम पुरावा आणता, तितकी ती परीक्षा जास्त कडक आणि म्हणून जास्त उपयोगी होते. तुमचे तक्ते कमकुवत असते तर एक वेळ बैठक तुमचं ऐकती.

ही काही आपल्या मंडळाची खासियत नाही. इंग्लंडमध्ये १६७३ साली एक कायदा झाला, त्याचं नावच ‘टेस्ट अ‍ॅक्ट’. सरकारी पद हवं असेल तर धर्मविधीतली भाकरी आणि द्राक्षमद्य प्रत्यक्ष येशूच्या देह-रक्तात बदलतात या कॅथलिक सिद्धांतावर आपला विश्वास नाही, असं जाहीर करावं लागे. जकात गोळा करायला किंवा फौज चालवायला या मताचा काय उपयोग? काहीच नाही. पण कॅथलिक माणूस ते वाक्य उच्चारणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तेवढ्यासाठीच ते निवडलं होतं. तो कायदा १८२८ पर्यंत टिकला. दीडशे वर्षांत धर्मपंडितांनी त्या सिद्धांतावर कितीही वाद घातला असता तरी पदांच्या वाटपात फरक पडला नसता.

आपल्याकडचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. शहरातली नामांकित मंडळी गेली होती, टिळक आणि न्यायमूर्ती रानडेही. पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी हजर असलेल्यांची नावं पुढे ‘पुणे वैभव’मधून जाहीर केली आणि ग्रामण्य, म्हणजे जातीच्या बहिष्काराचं प्रकरण, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. वाद प्रायश्चित्ताचा झाला, बहिष्काराचा झाला, कोणाच्या घरी कोणी जेवायचं याचा झाला. मिशनरी माणसाच्या हातच्या चहाने ब्राह्मणाचं नेमकं काय बिघडतं, हा प्रश्न त्या सगळ्या गदारोळात कडेलाच राहिला. तो विचारणारा शहाणा ठरला नसता, फक्त दुसऱ्या बाजूचा ठरला असता.

त्यातही रानड्यांचं जे झालं ते तुम्ही मन लावून पाहावं असं आहे. त्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं. चहा पिणं हे पाप आहे असं त्यांना अचानक पटलं होतं, असं कोणीच म्हणत नाही. सोबतच्या मित्रांची घरोघरी कोंडी झाली होती, ती सुटावी म्हणून त्यांनी ते केलं. आणि मग सुधारकांनीच त्यांना धारेवर धरलं. ज्याच्या विचारांवर कोणाला शंका नव्हती, त्याला त्याच्याच बाजूच्या लोकांनी एका विधीवरून तोललं. सनातन्यांच्या लेखी प्रायश्चित्त न घेणं म्हणजे नापास, सुधारकांच्या लेखी घेणं म्हणजे नापास. तर्काचं नाव घेणाऱ्या बाजूलाही परीक्षा असतात, हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण थोड्या वेळाने ते तुम्हाला आणि मला लागू करायचं आहे.

आपल्या नागपुरातच १९२० च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. असहकाराचा कार्यक्रम आणि काँग्रेसचं बदलतं ध्येय यांवर जिना विरोधात बोलायला उभे राहिले. घटनात्मक मार्ग सोडू नये असं त्यांचं म्हणणं होतं. ते चूक होतं की बरोबर, यावर त्या मंडपात तास-दोन तास चांगली चर्चा होऊ शकली असती. मुद्दा तेवढा मोठा होता. पण बोलताना ते ‘मिस्टर गांधी’ म्हणाले आणि मंडपातून आरडाओरडा झाला: ‘महात्मा गांधी’ म्हणा. मौलाना मोहम्मद अलींच्या नावावरूनही तसंच झालं. विरोधी मत मांडण्याआधीच त्यांची हजेरी घेतली गेली होती. अधिवेशनानंतर ते काँग्रेसमधून बाहेर पडले. पुढच्या इतिहासाचं सगळं ओझं मी त्या एका प्रसंगावर टाकत नाही, तसं करणं चुकीचं होईल. पण हजारो माणसं जमलेली असताना मुद्द्याची जागा संबोधन कसं घेतं, हे त्या मंडपात लख्ख दिसलं.

तुमच्या बैठकीतले डॉक्टर गप्प का बसले, हा प्रश्न तुम्हाला सगळ्यात जास्त बोचला असावा. शिक्षणाने माणूस अशा परीक्षेतून सुटतो, ही आपली आवडती कल्पना आहे, पण ती टिकत नाही. अमेरिकेत डॅन कहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना आकड्यांचा एक तक्ता दिला. तक्ता त्वचेच्या मलमाचा आहे असं सांगितलं तेव्हा गणितात हुशार माणसांनी बरोबर निष्कर्ष काढला. तशाच आकड्यांना बंदूकबंदीच्या कायद्याचं नाव दिलं तेव्हा हुशार माणसांतली राजकीय दरी कमी व्हायच्या ऐवजी वाढली. हुशारी आपल्या गटाच्या कामाला जुंपली गेली. मला याचं नवल वाटत नाही. मलमाविषयी चूक मत ठेवलं तर अंगावर पुरळ येईल. गटाच्या मताविरुद्ध गेलं तर भाऊ बोलायचा बंद होईल. त्या डॉक्टरांना सिकलसेल काय आहे हे तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यांना त्याच समाजात मुलीचं लग्न करायचं आहे, हेही त्यांना माहीत आहे. दोन्ही माहितींचा हिशेब त्यांनी केला. मला तो हिशेब आवडत नाही, पण तो अडाणी नाही.

दुसरा अभ्यास जुना आहे आणि तुमच्या जास्त उपयोगाचा आहे. सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५० च्या दशकात माणसांना रेषा दाखवल्या आणि कोणत्या दोन सारख्या लांबीच्या ते विचारलं. खोलीतले बाकी सगळे आधी ठरवून चूक उत्तर देत. उत्तर डोळ्यांसमोर असूनही खऱ्या सहभागींची सुमारे एक तृतीयांश उत्तरं गटामागे गेली. हे बहुतेकांना माहीत असतं. त्यापुढचं फारसं कोणी सांगत नाही. गटात एक जरी माणूस खरं बोलणारा ठेवला, तर वाहावत जाण्याचं प्रमाण सुमारे चौथाईवर आलं. तो दुसरा माणूस बरोबरच असायला हवा असंही नव्हतं. बाकीच्यांपेक्षा वेगळं बोलला, तरी जोखड सैल झालं. आणि उत्तर मोठ्याने सांगण्याऐवजी कागदावर लिहायला दिलं, तेव्हाही दबाव बराच उतरला. या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा, पुढे त्या वापरायच्या आहेत.

एखादी समजूत परीक्षा झाली आहे हे ओळखायचं कसं? मी पहिल्यांदा शिक्षा कोणाला होते ते पाहते. बाहेरचा माणूस, म्हणजे मी, सिकलसेलविषयी बोलले तर ‘सरकारी कामाला आल्या आहेत’ म्हणून चहा मिळतो. तेच शब्द आतल्या माणसाने उच्चारले तर अबोला मिळतो. साध्या चुकीच्या समजुतीत असं होत नाही. तिथे बाहेरच्यावर जास्त अविश्वास असतो. मग मी पाहते की प्रश्नाला काय मिळतं. उत्तर, की हेतूची चौकशी? ‘कोणी सांगितलं तुला हे बोलायला?’ हे ऐकू आलं की समजावं. आणि तिसरं, खाजगीत काय होतं. बैठकीत ठामपणे ‘नसतं’ म्हणणारे काका संध्याकाळी फोन करून हळूच विचारतात, ‘मॅडम, नातवाचे पाय फार दुखतात, कुठे दाखवावं?’ असे फोन मला सतत येतात. म्हणजे बैठकीतल्या वाक्याखाली विश्वास नव्हता, फक्त हजेरी होती. मारबतीच्या मिरवणुकीत आपलं शहर बडग्यांवर, म्हणजे मिरवणुकीतल्या पुतळ्यांवर, महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत सगळ्यांची नावं लिहून मोकळं होतं, आणि मला ती मोकळीक फार आवडते. पण आपल्याच मंडळाच्या लाडक्या समजुतीचा बडग्या निघालेला मी अजून पाहिलेला नाही.

इथे एक फरक सांगते, नाही तर माझं म्हणणं ‘समाजाने सभासदांकडून काहीच मागू नये’ असं वाटेल. आपल्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि आपल्या अनुयायांना २२ प्रतिज्ञा दिल्या. त्याही सामील होण्याची अट आहेत. पण त्या उघड प्रतिज्ञा आहेत: ‘मी असं वागेन, हे मानणार नाही’ असं माणूस जाणून-समजून म्हणतो, आणि आपण काय बांधून घेतो आहोत हे त्याला माहीत असतं. कोणत्याही समाजाला, संघटनेला, चळवळीला अशी वचनं मागण्याचा हक्क आहे. घोटाळा होतो तो वचनाचं काम वस्तुस्थितीच्या दाव्यावर ढकलल्यावर. ‘मी समाजाची बदनामी करणार नाही’ हे वचन आहे आणि ते तुम्ही आनंदाने द्याल. ‘आपल्या रक्तात ते जनुक नाही’ हा दावा आहे आणि तो प्रयोगशाळेत ठरतो. तुमच्या बैठकीने पहिलं मागायला दुसऱ्याचे शब्द वापरले. म्हणून तुम्ही पहिलं वचन स्वतःहून, आधी, मोठ्याने द्यायला हवं. दावा नाकारण्याची मोकळीक त्यानंतरच मिळते.

आता आपल्या बाजूविषयी. आरोग्याच्या आणि प्रबोधनाच्या कामात असलेल्या आपल्या लोकांतही हजेरीची वाक्यं असतात. ‘पत्रिका पाहणारे सगळे मागासलेले’ हे त्यातलं एक. मी अशा बैठका पाहिल्या आहेत जिथे पत्रिका जुळवून लग्न केलेली एक कार्यकर्ती हे ऐकून गप्प बसली आणि पुन्हा आली नाही. ती रक्ततपासणीची सगळ्यात चांगली प्रचारक झाली असती, कारण पत्रिकेबरोबर रिपोर्टही ठेवा, हे तिच्या तोंडून लोकांना पटलं असतं. आपल्याला सिकलसेलचं बाळ टाळायचं आहे की आपण किती आधुनिक आहोत हे दाखवायचं आहे, हे दर वेळी तपासावं लागतं.

मार्ग आहे का? आहे, आणि तो इतरांनी चालून दाखवला आहे. न्यूयॉर्कमधल्या कर्मठ ज्यू समाजात टे-सॅक्स नावाचा आनुवंशिक आजार होता, मुलं चार-पाच वर्षांत जात. स्थळं ठरवून लग्नं होणारा समाज, वाहक निघालं तर घराण्याला बट्टा, आपल्यासारखंच सगळं. रब्बी जोसेफ एकस्टाइन यांची स्वतःची चार मुलं या आजाराने गेली. त्यांनी १९८३ मध्ये ‘डोर येशोरिम’ ही व्यवस्था सुरू केली. शाळेच्या वयात मुलामुलींची तपासणी होते, निकाल सांगत नाहीत, फक्त एक क्रमांक मिळतो. स्थळ आलं की दोघांचे क्रमांक कळवायचे आणि जोडी योग्य आहे की नाही एवढंच उत्तर घ्यायचं. कोणाच्याच नावाला काही चिकटत नाही. माणसाला स्वतःचा पॅटर्नही न सांगणं मला पटत नाही. आपल्याकडे काही मुलं-मुली स्वतःही लग्न ठरवतात, त्यांना तो माहीत हवा. पण त्या रब्बींनी ओळखलं होतं की समाजाशी वाद घालायचा नाही, खरं बोलण्याची किंमत शून्यावर आणायची. सायप्रसमध्ये थॅलेसेमिया या रक्ताच्याच आनुवंशिक आजारासाठी तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चनेच लग्नाआधी प्रमाणपत्र मागायला सुरुवात केली. प्रमाणपत्रावर तपासणी आणि समुपदेशन झालं एवढंच असतं, निकाल नसतो. दोघे वाहक निघालेली बहुतेक जोडपी तरीही लग्न करतात, पुढे गर्भजल किंवा गर्भवारेची तपासणी करून घेतात, आणि आजारी बाळांचे जन्म तिथे जवळपास थांबले. दोन्हीकडे पुढाकार कोणाचा होता, ते बघा. ज्याच्या आपलेपणावर कोणी बोट ठेवू शकत नव्हतं त्याचा.

तर तुमच्यासाठी. मोठ्या बैठकीत हा विषय काही महिने काढू नका. सगळ्यांसमोर एकदा ‘नसतं’ म्हटलेल्या माणसाला सगळ्यांसमोर मत बदलता येत नाही. दुसरा माणूस शोधा, एकच पुरे, अ‍ॅशच्या खोलीतला. तो कोण असावा यावर माझं ठाम मत आहे: ज्यांच्या घरातली लग्नं उरकली आहेत असे ज्येष्ठ काका किंवा काकू, मंडळाच्या स्थापनेपासूनचे. त्यांना सोयरिकीच्या बाजारात काही गमवायचं नाही. रुग्ण मुलाच्या आईला मात्र पुढे उभं करू नका. तिचं बोलणं सगळ्यात परिणामकारक असतं हे खरं आहे, पण सगळ्यात मोठी किंमतही तिलाच पडते. तिला धाकटी मुलगी असेल तर विचारूच नका. ती स्वतःहून म्हणाली तरच.

रकान्याचा मजकूर बदला. ‘सिकलसेल: आहे/नाही’ असा रकाना म्हणजे प्रत्येक घराला सर्वांसमोर उभं करणं. ‘सिकलसेल तपासणी केली आहे: होय/नाही’ असा ठेवा, निकाल विचारूच नका. निकाल दोन घरांनी एकमेकांत, बोलणी पुढे गेल्यावर पाहायचा. सगळेच ‘होय’ लिहू लागले की त्या रकान्यातून कोणाविषयी काहीच कळत नाही, आणि आपल्याला तेच हवं आहे. लग्नाच्या तोंडावर तपासणी सांगण्यात तसाही अर्थ नसतो. कुंकवाचा कार्यक्रम झाला, हॉल बुक झाला, त्यानंतर आलेला एएस रिपोर्ट लोक खिशात घालून टाकतात. मी तसे रिपोर्ट नंतर, बाळ पोटात असताना, पाहिले आहेत. मंडळाचा दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार होतोच ना? त्या दिवशी हिमोग्लोबिन, रक्तगट आणि सिकलसेल अशी एकत्र तपासणी ठेवा. सतरा वर्षांच्या मुलाच्या रक्तावर कोणी सोयरीक मोडत नाही. रिपोर्ट बंद पाकिटात ज्याचा त्याला, अठराच्या आतल्यांचा पालकांबरोबर. आणि लोकांना मागे फिरायला वाट द्या. ‘पूर्वी तपासणीची सोयच नव्हती, म्हणून आपल्याला कळलं नाही’ हे वाक्य खरं आहे आणि त्यात कोणी खोटा ठरत नाही. ते त्या ज्येष्ठ काकांच्या तोंडी असू द्या, तुमच्या नको. श्रेय त्यांना जाऊ द्या.

बाकी मतभेद आणि आपलेपणा एकत्र राहू शकतात, याचा दाखला मी स्वतःला पुन्हा पुन्हा देते. १९३४ च्या जानेवारीत बिहारमध्ये भूकंप झाला. गांधीजी तेव्हा वर्ध्याहून सुरू केलेल्या अस्पृश्यताविरोधी यात्रेत होते. भूकंप ही अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वरी शिक्षा आहे, असं ते म्हणाले. रवींद्रनाथांनी त्यावर स्पष्ट हरकत घेतली: निसर्गाच्या घटनांना असं नैतिक कारण जोडणं विवेकाला धरून नाही. अस्पृश्यतेच्या विरोधात दोघेही एकाच बाजूला होते, त्यामुळे ‘तुम्ही आपले की त्यांचे’ असं विचारणं सोपं होतं. गांधीजींनी ते निवेदन स्वतःच्या ‘हरिजन’मध्ये छापलं आणि मग उत्तर दिलं. मला त्या वादात रवींद्रनाथ बरोबर वाटतात. पण छापण्याचा निर्णय गांधीजींचा होता, आणि मैत्री टिकली.

मंडळात राहावं की नाही, हे विचारलंत. तुटक वागणं म्हणजे बहिष्कार नव्हे. हळदी-कुंकवाला बोलावतात का, घरात मयत झाली तर निरोप येतो का, हे पाहा. येत असेल तर राहा. तुम्ही गेलात तर ‘बघा, आपल्या नव्हत्याच’ हे सिद्ध होईल आणि पुढच्या बोलणाऱ्याची परीक्षा आणखी कडक होईल. काही काळ गप्प राहावं लागलं तर राहा, गप्प राहणं खोटं बोलणं नाही. मात्र ते वाक्य स्वतःच्या तोंडाने म्हणू नका, कोणी कितीही प्रेमाने म्हणायला लावलं तरी. आणि एखाद्या जोडीतले दोघेही वाहक असण्याची शक्यता तुम्हाला दिसली आणि मंडळाने ‘आता बोलू नका’ म्हटलं, तर बैठकीची वाट पाहू नका. कोणाचा रिपोर्ट कोणाला सांगू नका. दोन्ही घरांना वेगवेगळं भेटा, तपासणी करून घ्यायला सांगा, हवं तर स्वतः सोबत जा. त्यावर कोणी राजीनामा मागितला तर देऊन टाका.